आढं नसलेलं घर

अंथरुणाला खिळलेला माणूस आढ्याकडे बघत पडून राहतो, असं आपण म्हणतो. डोक्यावर स्लॅब आला, त्याला पंखा लटकला, तरी भाषेतलं आढं जागचं हललेलं नाही. छपराच्या माथ्यावरून घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं ते जाडजूड लाकूड. सगळे वासे दोन्ही बाजूंनी त्याच्यावर येऊन टेकतात. कौलारू घरात वाढलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. म्हणून इंग्लंडच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन गावाशेजारी, सहाशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याच्या घरात शिरल्यावर मी सवयीनं मान वर केली आणि आढं शोधू लागले.

आढं नव्हतं.

दोन-दोन वाशांच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतले वासे शेंड्याला एकमेकांत अडकवलेले, आणि त्या भेटीखाली कसलाही आधार नाही. थोडं खाली प्रत्येक जोडीला शिडीच्या पायरीसारखं एक आडवं लाकूड. या सगळ्या पायऱ्यांच्या पोटाखालून घराच्या लांबीभर एक तुळई गेलेली, आणि खोलीच्या मधोमध, एका प्रचंड कमानदार तुळईवर उभा राहून, एकच खांब तिला झेलतो आहे. माथ्याशी त्याला चार वाकडे टेकू फुटलेले, जणू चार हात पसरून तो छपराला सावरतो आहे. या खांबाला इंग्रजीत क्राउन पोस्ट म्हणतात. छपराचं वजन वाशांवाटे थेट भिंतींवर उतरतं. क्राउन पोस्टचं काम वेगळं. वाशांच्या जोड्या पत्त्यांच्या ओळीसारख्या एकावर एक कलंडू नयेत म्हणून तो त्यांना धरून ठेवतो.

खाली जमिनीच्या मधोमध विस्तव पेटला होता. धुराडं नव्हतं. धूर सरळ वर चढत होता आणि माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर ढगासारखा थबकून, वाट सापडेल तिथून बाहेर जात होता. खाली बसलं की डोळ्यांना त्रास नाही, उभं राहिलं की जरा चुरचुरतं. हा अनुभव मला नवा नव्हता. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून फुंकणीनं जाळ फुलवणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत आहे.

या घराचं नाव बेलीफ. ते मूळचं इथलं नाही. तो भाग पुढे येईल. आधी हे घर उभं कसं राहिलं ते पाहू.

वील्डचा ओक, शेतकऱ्याचा पैसा

लंडनच्या दक्षिणेला चुनखडीच्या टेकड्यांच्या दोन रांगा आहेत, नॉर्थ डाउन्स आणि साउथ डाउन्स. त्यांच्यामध्ये केंट, सरे आणि ससेक्समध्ये पसरलेला चिकणमातीचा, रानाचा जो पट्टा आहे तो वील्ड. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच रान. इथे ओक भरपूर, आणि चांगला बांधकामाचा दगड मात्र सगळीकडे सहज मिळत नाही. म्हणून घरं लाकडाची. इथल्या एका खास घराला अभ्यासकांनी ‘वील्डन हॉल-हाउस’ असं नाव दिलं. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्याच्या पूर्वार्धापर्यंत ही घरं बांधली गेली, आणि त्यातली शेकडो आजही उभी आहेत, सर्वांत जास्त केंटमध्ये.

ती सरदारांची नव्हती, हे महत्त्वाचं. 1348-49 साली काळ्या प्लेगनं इंग्लंडची लोकसंख्या निदान एक तृतीयांशानं तरी कमी केली. माणसं कमी पडली तशी मजुरी वाढली आणि जमीन कसणाराच्या शब्दाला किंमत आली. जे जगले त्यांच्यातून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला खातापिता शेतकरी तयार झाला. त्याला योमन म्हणत. त्याच्या हातात पैसा आला तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते घर बांधण्याचं. सुबत्ता आली की आधी घर, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

रस्त्यावरून पाहिलं तर वील्डन घराची ओळख एका नजरेत पटते. दोन टोकांचे भाग दुमजली. त्यांचा वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे, सज्जासारखा बाहेर आलेला. मधला भाग जमिनीपासून छपरापर्यंत एकच उंच दालन, म्हणून तिथे मजलाच नाही आणि भिंत आत राहिलेली. या तिन्ही भागांवर मात्र छप्पर एकच, सरळ रेषेत. त्यामुळे मधल्या भागापुढे छपराची कड हवेत लोंबकळल्यासारखी दिसते. दोन्ही बाजूंनी आलेले कमानदार टेकू तिला उचलून धरतात. एका छपराखाली तीन घरं नांदवण्याची ही युक्ती आहे, आणि घराचं सारं देखणेपण त्या टेकूंच्या वळणात साठलेलं आहे.

ओल्या लाकडाचा हिशेब

आपले सुतार सागवान वर्षानुवर्षं मुरवून मग हत्यार लावत. वील्डचे सुतार ओक ओलाच वापरत. कारण सरळ होतं. वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. झाड पाडायचं, रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं तासून चौकोनी करायचं, आणि रस असतानाच त्याला खाचा पाडायच्या. उभ्या घरात लाकूड हळूहळू वाळतं, आकसतं, पिळवटतं. आज या घरांत उभं राहिलं की खांब किंचित वळलेले आणि तुळया कुठे कुठे चिरलेल्या दिसतात, त्याचं मूळ इथे आहे. त्या भेगांनी घर अशक्त झालेलं नाही. लाकूड वाळेल हे सुतारानं आधीच धरलेलं होतं.

खिळा नाही, बोल्ट नाही. एका लाकडाला खाच पाडायची, दुसऱ्याच्या टोकाला कुसू काढायचं, कुसू खाचेत बसवून दोन्हींतून आरपार गिरमिटानं भोक पाडायचं आणि ओकची खुंटी ठोकायची. यातही एक बारकावा आहे. कुशातलं भोक खाचेतल्या भोकाच्या रेषेत पाडायचं नाही, केसभर खांद्याकडे सरकवून पाडायचं. मग खुंटी आत जाताना कुशाला ओढून घेते आणि सांधा घट्ट आवळला जातो. ओलं लाकूड पुढे आकसलं तरी सांधा सैल पडत नाही.

सर्वांत अवघड सांधा खांबाच्या डोक्यावर. तिथे तीन लाकडं एका ठिकाणी येतात: उभा खांब, भिंतीच्या माथ्यावरून लांबीत जाणारं लाकूड, आणि घराच्या रुंदीतून आडवी येणारी तुळई. तिघांना एकाच टोकावर जागा द्यायची तर खांबाचं डोकं जाड हवं. झाडाचा बुंधा खाली जाड असतो, वर निमुळता. सुतारांनी झाड उलटं उभं केलं. मुळाकडचं जाड टोक वर आणि शेंड्याकडचं खाली. त्या जाड डोक्याला दोन पायऱ्या काढल्या, एकीवर भिंतीचं लाकूड बसवलं, दुसरीला तुळई अडकवली, आणि तुळईच्या पोटातून भिंतीच्या लाकडाला पुन्हा पकडलं. छपराचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, हा सांधा त्यांना आत खेचून धरतो. कागदावर एकही आकडा न मांडता हे गणित सोडवणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

खुणा मात्र राहिल्या. घराचा सांगाडा घराच्या जागी बनत नसे. मोकळ्या अंगणात एकेक चौकट जमिनीवर आडवी मांडायची, प्रत्येक सांधा जुळवून पाहायचा, मग सगळं सोडवून गाडीत भरायचं आणि जागेवर नेऊन उभं करायचं. कोणतं कुसू कोणत्या खाचेचं, हे चुकू नये म्हणून दोन्ही लाकडांवर पटाशीनं एकच रोमन आकडा कोरलेला असे. नीट पाहिलं तर हे आकडे आजही सांध्यांजवळ दिसतात. म्हणजे घर पहिल्यांदा उभं राहण्याआधीच एकदा सोडवलेलं असे. ही गोष्ट मनात ठेवा. या लेखाचा कणा तीच आहे.

एका घराला किती झाडं लागत? केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रानांचे इतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधल्या स्टँटन गावच्या ग्रंडल हाउस या शेतघरातलं एकेक लाकूड मोजलं. सुमारे 330 झाडं निघाली, आणि त्यातली निम्मी 9 इंचांहूनही कमी व्यासाची. एवढा आकडा ऐकून रान उजाड झालं असेल असं वाटतं. रॅकहॅम यांनी उलटंच दाखवलं. सुतार अवाढव्य वृक्षांच्या मागे लागत नसत, हव्या त्या मापाचं तरुण झाड निवडत. तोडलेल्या खोडांना पुन्हा फुटवे येऊ देत आणि त्याच रानातून पिढ्यानपिढ्या लाकूड घेत. घर आणि रान एकमेकांच्या चालीनं चालत होते.

ओला ओक वापरल्याचा एक फायदा आपल्या पिढीला झाला. खोडातली वर्षवलयं मोजून झाड कधी पडलं ते ठरवता येतं, आणि पडलेलं झाड लगेच वापरत असल्यामुळे तेच घराचंही वय. बेलीफचं मधलं दालन आणि एक टोक 1405 ते 1430 या काळातलं, आणि दुसरं टोक 1505 ते 1510 मधलं, असं या वलयांवरून निघालं. एकसंध दिसणाऱ्या घरात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे. पुढच्या पिढ्यांतल्या कुणीतरी जुन्या घराला जोड दिली आणि ती अशी बेमालूम बसवली की डोळ्यांना कळू नये.

कूड, जोतं आणि वाऱ्याचा डोळा

भिंती पाहिल्या आणि मला कुठल्याच पुस्तकाची गरज उरली नाही. तो कूड होता.

दोन खांबांमध्ये ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फाट्या किंवा चिरलेल्या ओकच्या पट्ट्या, आणि दोन्ही अंगांनी लिंपलेला चिखल. चिखलात चिकणमाती, गाईचं शेण आणि बारीक तोडलेला पेंढा. पायानं तुडवून एकजीव केलेला. वरून चुन्याचा हात. ठाण्या-रायगडाच्या पाड्यांवर कारवीचा कूड विणून शेणामातीनं लिंपणाऱ्या बाईला वील्डमध्ये नेऊन उभं केलं असतं तर भाषा न कळताही ती कामाला लागली असती. दोन्ही ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. चिकणमाती सुकताना तडकते, पेंढा तिला बांधून ठेवतो, शेण तिला चिवट करतं, हे दोघांनाही हातानंच शिकवलं.

खाली जोतं आहे. त्याआधीच्या काळात गावातली साधी घरं खांब जमिनीत पुरून बांधत, आणि जमिनीतलं लाकूड एका-दोन पिढ्यांत कुजे. मग दगडाचं बुटकं जोतं आलं, त्यावर घरभर फिरणारं तळाचं आडवं लाकूड, आणि खांब त्यावर. लाकूड मातीपासून वीतभर उचललं गेलं, आणि घर शतकांचं झालं.

खिडक्यांना काच नव्हती. काच श्रीमंतांची. ओकचे चौरस गज, कोन बाहेर येईल असे तिरके बसवलेले, आणि आतून लाकडी झडप. इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपला गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. भिंतीला भोक पाडताना दोन्हीकडच्या माणसांना डोळाच आठवला.

छपराला बेलीफवर हातानं घडवलेली कौलं आहेत. पुष्कळ घरं मात्र केंबळी होती. पावसाळ्यापूर्वी आपण शाकारणी करायचो तशी त्यांचीही होत असे, पण जुना थर काढून न टाकता त्यावरच नवा घालायचा प्रघात अनेक ठिकाणी होता. डेव्हनमधल्या काही घरांत सर्वांत खालचा थर अजून मध्ययुगातला आहे, धुरानं काळा पडलेला. त्या काड्यांत आज शेतांतून नाहीसे झालेले गव्हाचे आणि राईचे वाण अभ्यासकांना सापडले. धुरानं पिकांचा इतिहास जपून ठेवला.

आपल्या हॉलचा पूर्वज

‘वन बीएचके’मधला एच ज्या शब्दाचा, तो हॉल हाच. आज आपल्याकडे ‘हॉलमध्ये बसा’ हे वाक्य इतकं मराठी झालं आहे की त्याची पाळंमुळं कुणी शोधत नाही. ती या उंच, धुरकट दालनात आहेत. शेतकऱ्याचं कुटुंब आणि गडीमाणसं एकाच विस्तवाभोवती जेवत, बोलत, काम करत. दिवसाचं सगळं जगणं या एका जागेत.

सगळे एकत्र, पण सगळे सारखे नाहीत. दालनाला वरचं आणि खालचं अंग असतं. खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारं आणि त्यांच्यामधून जाणारी वाट. त्या वाटेच्या पलीकडे शेजारी शेजारी दोन लहान कोठारं: बटरी म्हणजे पेयांची पिंपं ठेवायची जागा, पँट्री म्हणजे पावाची. वरच्या अंगाला भिंतीशी लागून बाक. तिथे घरधनी आणि त्याची बायको बसत. त्यांच्यावरच्या तुळईला कोरीवकाम अधिक, खिडकी मोठी, उजेड अधिक. पलीकडे त्यांची खाजगी खोली, आणि तिच्यावर माडीवर झोपायची जागा, तिला सोलर म्हणत. दारातून आलेल्या माणसाला कुणी काही न सांगता आपण कुठपर्यंत जायचं ते कळे. ओसरी, माजघर, देवघर या आपल्या पायऱ्या ज्यानं पाहिल्या आहेत त्याला या घराचा अबोल नियम लगेच कळतो. लाकडाच्या सांध्यांनी बांधलेल्या घरात माणसांच्याही जागा तितक्याच पक्क्या बांधलेल्या होत्या, आणि हे घर आवडलं तरी ते विसरता कामा नये.

सोळाव्या शतकात विटांचं धुराडं गावापर्यंत पोचलं. विस्तव मधून उठून भिंतीशी गेला. धूर नाही म्हटल्यावर उंच दालनाचं कारण उरलं नाही, म्हणून मध्ये मजला टाकला आणि वर नव्या खोल्या केल्या. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1953 मध्ये ग्रामीण इंग्लंडमधल्या या मोठ्या पुनर्बांधणीचा काळ साधारण 1570 ते 1640 असा मांडला. बाहेरून विटा आल्या, खिडक्यांना काचा आल्या, आणि कित्येक घरांचं वय त्यांच्या मालकांनाही माहीत राहिलं नाही. मग कुणी अभ्यासक विजेरी घेऊन पोटमाळ्यावर चढतो. वाशांना हात लावतो. बोटाला काजळी लागते. त्या काजळीवरून कळतं की या छपराखाली कधीकाळी उघडा विस्तव होता, म्हणजे हे मध्ययुगातलं हॉल-हाउस आहे. घरानं आपला पुरावा माळ्यावर लपवून ठेवलेला असतो.

दहा पौंडांचं घर

सिंगलटनहून पूर्वेला, ईस्ट ससेक्समध्ये कुकमियर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन गाव आहे. सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, हिरवळीच्या कडेला, केंबळी छपराचं एक घर आहे. नाव क्लर्जी हाउस. हेही चौदाव्या शतकाच्या घडणीचं वील्डन हॉल-हाउस. याची जमीन ठोकून घट्ट केलेल्या चुनखडीची आहे, आणि ती नासलेल्या दुधानं मुरवलेली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. घरात जे आहे त्यानंच जमीन धरायची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर पडायला आलं होतं. चर्चच्या मालकीचं, पण वापरातून गेलेलं, आणि पाडून टाकण्यापर्यंत गोष्ट आलेली. गावचे व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, एफ. डब्ल्यू. बेनन यांनी ते वाचवायचं मनावर घेतलं आणि प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी असलेल्या संस्थेचं दार ठोठावलं. ही संस्था विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये काढली होती. ट्यूक्सबरीच्या जुन्या मठाचं ‘जीर्णोद्धार’ म्हणून नूतनीकरण चाललं होतं, त्यानं ते अस्वस्थ झाले होते. त्यांचा आग्रह एकाच वाक्यात सांगता येतो: जुनं खरवडून नवं ‘जुनं’ करू नका, रोजची निगा राखा आणि पडेल तेवढंच दुरुस्त करा.

1895 मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापला. लंडनमधल्या गरीब भाडेकरूंच्या घरांसाठी आयुष्य घालवलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांना घर म्हणजे काय हे कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्याच वर्षी, 1896 मध्ये, ट्रस्टनं आल्फ्रिस्टनचं हे घर 10 पौंडांना घेतलं. ट्रस्टनं विकत घेतलेली ही पहिली इमारत. आज ज्या संस्थेकडे भव्य वाडे आणि मैलोगणती किनारे आहेत, तिच्या इमारतींची सुरुवात एका साध्या घरापासून झाली. ट्रस्टच्या बोधचिन्हातलं ओकचं पान याच घरातल्या कोरीवकामावरून सुचलं, असं तिथे सांगतात.

कायद्याला मात्र वेळ लागला. ब्रिटनमधला पहिला पुरातन वास्तूंचा कायदा 1882 चा. त्यात होत्या त्या मुख्यतः इतिहासपूर्व काळातल्या शिळा आणि माती-दगडाचे उंचवटे. राहती घरं त्या कक्षेत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात बाँब पडू लागले आणि काय वाचवायचं याच्या याद्या करण्याची पाळी आली, तेव्हा घरांकडे लक्ष गेलं. 1944 आणि 1947 च्या नगररचना कायद्यांनी ऐतिहासिक इमारतींची सूची आणि तिच्या श्रेणी आल्या. आज इंग्लंडमध्ये सूचीतल्या जेमतेम अडीच टक्के इमारती पहिल्या श्रेणीत आहेत, सहा टक्क्यांहून थोड्या कमी ‘दोन तारांकित’ श्रेणीत, आणि उरलेल्या दुसऱ्या श्रेणीत. आल्फ्रिस्टनचं घर दोन तारांकित श्रेणीत आहे. सूचीत आलेल्या घराची आतली-बाहेरची घडण परवानगीशिवाय बदलता येत नाही, मालक कुणीही असो.

पण कायदा फक्त मोडतोड थांबवतो. घर टिकवायला हात लागतो, आणि तो हात अडाणी असला तर प्रेमानंही घर मरतं. विसाव्या शतकात कित्येक घरांच्या कुडावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. कूड आणि चुना श्वास घेतात. पावसाचं पाणी आत शिरलं तरी वाऱ्यानं निघून जातं. सिमेंटमागे शिरलेलं पाणी तिथेच अडकलं आणि पाचशे वर्षं टिकलेला ओक काही दशकांत आतून कुजला. वरून भिंत गुळगुळीत, आत भुसा. आज जाणते सुतार सिमेंट उतरवतात, कुजलेला भाग तेवढाच कापतात, त्याच मापाचा नवा ओक जुन्याला सांध्यानं जोडतात आणि खुंटी ठोकतात. नवं लाकूड पिवळसर दिसतं आणि तसंच ठेवतात. दुरुस्ती झाली आहे हे दिसलं पाहिजे, हा मॉरिस यांचा वारसा.

पाण्याखालून आलेलं घर

आता बेलीफकडे परत येते.

ते मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टनचं. 1960 च्या दशकात तिथे बो बीच जलाशय करायचं ठरलं आणि घर पाण्याखाली जाणार होतं. त्याच सुमारास रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकारानं सिंगलटनला वील्ड अँड डाउनलँड संग्रहालय आकाराला येत होतं. जिथे उभ्या आहेत तिथे वाचवणं शक्य नसलेल्या इमारतींना आसरा द्यायचा, हा त्याचा हेतू. 1968-69 मध्ये बेलीफ सोडवलं गेलं. प्रत्येक लाकडाची नोंद झाली, खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, सांधे उघडले, आणि काही वर्षांनी घर सिंगलटनला पुन्हा उभं राहिलं. 1970 मध्ये खुल्या झालेल्या त्या संग्रहालयात आज 50 हून अधिक इमारती आहेत. 2002 मध्ये तिथेच ओल्या ओकच्या पट्ट्या विणून केलेलं एक मोठं आधुनिक दालन उभं राहिलं. जुनं सुतारकाम नुसतं दाखवायला न ठेवता त्यातून नवं घडवायचं धाडस त्यात आहे.

घर हलवावं का, यावर तिथेही वाद आहे, आणि तो खरा आहे. घर आपल्या मातीचं, आपल्या शिवाराचं असतं. बेलीफला आता चिडिंगस्टनची हवा नाही. जलाशय करणाऱ्यांना ‘घर हलवलं की झालं’ अशी पळवाट मिळू नये, हेही खरं. म्हणून आल्फ्रिस्टनचा मार्ग पहिला आणि बेलीफचा शेवटचा. पण बेलीफ हलवता आलं, याचं कारण ते सांध्यांचं घर होतं. पहिल्या सुतारानं ते अंगणात एकदा सोडवलं होतं. साडेपाचशे वर्षांनी दुसऱ्यांनी सोडवलं. घराला त्याची सवय होती.

बो बीच हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात दुसरी नावं येतात. मुळशी, जिथे 1921 मध्ये सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. कोयना. उजनी. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. लोक बघायला जातात, वर्तमानपत्रांत छायाचित्रं येतात. देऊळ दगडाचं, म्हणून ते वर येतं. त्याच्याभोवतीचं गाव लाकडाचं नि मातीचं होतं, ते येत नाही. कूड पाण्यात विरघळतो, लाकूड कुजून जातं. कुठली ओसरी कशी होती, आढं किती जाड होतं, सांध्याला कोणती खाच होती, हे सांगणारी माणसं एकेक करून चालली आहेत.

जतनाचा विचार आपल्याला परका नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याचे जॉन मार्शल यांनी 1923 मध्ये जी जतन-पुस्तिका लिहिली, तिच्यावर मॉरिस यांच्या विचारांची छाप आहे. 1904 चा पुरातन वास्तूंचा कायदा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा 1960 चा आहे. मुंबईनं 1995 मध्ये श्रेणी ठरवून वारसा-नियम आणले. पण या साऱ्यांत किल्ले, लेणी, देवळं, राजवाडे, शहरातल्या इमारती यांची गर्दी आहे. शेतकऱ्याचं घर त्या यादीत शोधावं लागतं. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रात दक्षिणेकडच्या राज्यांतली जुनी घरं सोडवून आणून पुन्हा उभी केलेली आहेत. म्हणजे हे काम आपल्या हवेत, आपल्या कारागिरांच्या हातून होतं, हे सिद्ध झालेलं आहे. महाराष्ट्रात अजून कोकणपट्ट्यात, मावळात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात लाकडाची घरं उभी आहेत. त्यांचे सांधे जाणणारे सुतारही आहेत. ते घर आणि तो सुतार दोघेही असतानाच मोजमाप झालं पाहिजे, चित्र निघालं पाहिजे, आणि एखाद्या तरी गावातलं एखादं साधं, कुणाही मोठ्या माणसाचं नसलेलं घर यादीत चढलं पाहिजे.

बेलीफमधून निघताना मी पुन्हा वर पाहिलं. आढं नसलेल्या छपराचं कोडं आतापर्यंत सुटलं होतं. तिथे सगळ्यांचा भार घेणारं एक मोठं लाकूड नाही. वासा वाशाला धरतो, आडवं लाकूड दोघांना, लांब तुळई त्या साऱ्यांना, खांब तुळईला. या घरांना वाचवणाऱ्यांचंही तसंच झालं: एक व्हिकर, एक संस्था, हट्टी बाई, नोंदवही घेऊन आलेले अभ्यासक, खुंटी ठोकणारे सुतार. कुणा एकावर भार नव्हता.

बाहेर आल्यावर कपड्यांना धुराचा वास येत होता. ट्रेनमध्ये शेजारच्या बाईनं एकदा वळून पाहिलं. मी आजोळच्या घराचं आढं आठवत होते. ते फणसाचं होतं की सागाचं, हे मला आता कुणाला विचारता येईल, याचा विचार करत होते.